दोरीला हात लावला त्याचा वाटा

ओहोटी,

तुम्ही गेल्याची बातमी तुमच्या मुलीने ज्ञानकोशावरच्या तुमच्या चर्चापानावर लिहिली. चारच ओळी. 'हे खातं माझे बाबा वापरत होते. सोमवारी सकाळी ते गेले. इथे कोणाला कळवायचं ते माहीत नाही, म्हणून इथेच लिहिते आहे.' खाली सही नव्हती. ते वाचल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, सांगू? सही राहिली. आपल्याकडे चर्चापानावर लिहिलं की खाली सही करायची असते, आणि ती कोणी विसरलं की तासाभरात तुमचं टिपण पडायचं, 'सही राहिली.' शाळेच्या स्टाफरूममध्ये फोन हातात धरून मी खरोखर त्या टिपणाची वाट पाहत बसले. आता ते कोणी लिहिणार नाही हे उशिरा डोक्यात शिरलं, आणि मग तास घ्यायला दुसऱ्या बाईंना पाठवावं लागलं.

हे छापून येणार आहे, म्हणून वाचणाऱ्यांना दोन गोष्टी सांगते. तुम्हाला त्या ठाऊक आहेत, जरा सोसा. मी तळेऱ्याजवळच्या एका हायस्कुलात मराठी शिकवते. घरची काजूची बाग आहे, थोडी भातशेती आहे. फावल्या वेळात एका मुक्त ज्ञानकोशावर लेख लिहिते. तिथे सगळे बिनपगारी, कोणी कोणाला पाहिलेलं नसतं, आणि बहुतेक जण टोपणनावानं वावरतात. माझं नाव 'बोंडू', म्हणजे आमच्याकडे काजूचं बोंड. तुमचं नाव 'ओहोटी'. त्या ज्ञानकोशावर 'अभिप्राय हवा' असं एक पान आहे. लेख लिहून झाला की तो तिथे ठेवायचा आणि इतर संपादकांनी चुका दाखवाव्यात म्हणून हात जोडायचे. एक नियम मात्र सगळ्यांच्या वरचा: स्वतःला माहीत आहे म्हणून काहीही लिहायचं नाही. दुसरीकडे कुठेतरी छापलेलं असलं पाहिजे. नसेल तर त्या वाक्यापुढे 'संदर्भ?' असा शिक्का बसतो, आणि वाक्य आज ना उद्या जातं.

मी रापणीवर लेख लिहिला. किनाऱ्यावरून होडी निघते, समुद्रात अर्धगोल फिरून जाळं सोडत परत येते, आणि मग वाळूवर उभी राहिलेली माणसं दोन्ही बाजूंनी दोर ओढून ते जाळं मासळीसकट बाहेर काढतात, ती रापण. डोंगराच्या बाजूच्या बाईनं समुद्रावर लिहावं हे धाडसच होतं. पण लेख झाला, लांबलचक झाला, आणि मी तो मोठ्या ऐटीत 'अभिप्राय हवा'वर ठेवला. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला अभिप्राय नकोच होता, शाबासकी हवी होती.

तीन आठवडे कोणी फिरकलं नाही. मग तुम्ही आलात, आणि एका बैठकीत एकोणचाळीस मुद्दे लिहून गेलात.

पहिला मुद्दा मला आजही पाठ आहे. मी लिहिलं होतं, 'दोन्ही काठांवरून माणसे दोर ओढतात.' तुम्ही खाली लिहिलंत: 'समुद्राला दोन काठ असतात हे मला नवीन आहे. आपण नदीबद्दल लिहीत आहात का?' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग हसू आलं. मग पुन्हा राग आला, कारण बाकीचे अडतीस मुद्दे वाचायचे होते. एकही मुद्दा वरवरचा नव्हता. कुठल्या वाक्यात मी दोन गोष्टी एकात कोंबल्यात, कुठे पुस्तकात एक आहे आणि मी सांगितलंय भलतंच, कुठलं पान मी उघडूनही न पाहता नोंदवलंय, सगळं तुम्ही शोधून काढलं होतंत. माझं लिखाण इतक्या बारकाईनं माझ्या आईनंही कधी वाचलं नव्हतं. बी.एड.ला पाठ घेताना मागे बसलेल्या परीक्षकांनीही नाही.

तेव्हापासून मी मनाशी तुमचं एक चित्र तयार केलं. पुण्यातले निवृत्त प्राध्यापक, जाड चष्मा, भिंतभर कपाटं, घरात कोणाशी फारसं बोलत नाहीत. कधी तुम्ही तासाभरात उत्तर द्यायचात, तर कधी तीन-तीन दिवस पत्ता नसायचा. तो मला शिष्टपणा वाटायचा.

आपलं भांडण पेटलं ते एकाच वाक्यावरून. 'रापणीच्या दोरीला जो हात लावतो त्याला मासळीचा वाटा मिळतो, मग तो अनोळखी का असेना.' तुमचा शिक्का: 'संदर्भ?' आणि हे तर माझं सगळ्यांत खरं वाक्य होतं. मी दहा वर्षांची असताना वडिलांबरोबर समुद्र पाहायला गेले होते. रापण ओढत होते, आम्हीही गंमत म्हणून दोर धरला. जाळं वाळूवर आलं आणि कोणीतरी वडिलांच्या पांढऱ्या टोपीत ओंजळभर तारली मासळी टाकली. आम्ही नको नको म्हणत राहिलो, तो माणूस निघूनही गेला. ती टोपी आईनं सात वेळा धुतली, वास गेला नाही. हे मी तुम्हाला लिहिलं, टोपीसकट लिहिलं, आणि वर 'हातच्या कांकणाला आरसा कशाला?' असंही सुनावलं.

तुम्ही उत्तर दिलंत: 'कांकण तुमच्या हातात आहे. वाचणाऱ्याला ते दिसत नाही.'

मी म्हटलं, मग हे कधीच येणार नाही. जे दोर ओढतात ते छापत नाहीत, आणि जे छापतात त्यांनी दोर ओढलेला नसतो. तुमचा नियम किनाऱ्यावरच्या माणसांवर अन्याय करणारा आहे. तुम्ही लिहिलंत: 'नियम बरोबर आहे. छापणारे कमी पडले.' यावर आपण तीन पानं भांडलो. माझा मुद्दा मला अजून पटतो, हे इथेच सांगून ठेवते.

पुढे जे झालं ते सांगायची लाज वाटते. वर्षभरानं एका महाविद्यालयाची स्मरणिका माझ्या हातात पडली. त्यात रापणीवर लेख होता, आणि त्यात ते वाक्य होतं! मी नाचायचीच बाकी होते. वाक्य परत घातलं, पुढे स्मरणिकेचा संदर्भ लावला, आणि तुम्हाला टिपण टाकलं, 'घ्या.' एकाच शब्दाचं. दुसऱ्या दिवशी तुमचं उत्तर आलं. 'ही स्मरणिका आपल्या लेखानंतर छापली आहे. वाक्य शब्दशः आपलंच आहे. त्याच्या वरच्या ओळीत दोन्ही काठांवरून माणसे दोर ओढतात, असंही छापलेलं आहे. आपण आपल्यालाच साक्षीला बोलावलं आहे.'

म्हणजे कोणा पोरानं माझा पहिला कच्चा लेख उतरवला, माझ्या चुकीसकट, आणि मी त्याच्या नकलेचा माझ्यासाठी पुरावा केला. आमच्यासारख्या फुकट संपादकांखेरीज ही चूक जगात दुसरं कोणी करू शकेल असं वाटत नाही. तुम्ही ते पानावर सगळ्यांसमोर लिहिलंत. तुमचं बरोबर होतं, म्हणून तर जास्त झोंबलं. मी रुसले. लेख सोडला, चर्चापान सोडलं, चार महिने तिकडे फिरकले नाही.

त्या चार महिन्यांत तुमचं एक टिपण आलं. फोनवर सूचना दिसली. 'बोंडूताई, माझ्या धूळपाटीवर एक मसुदा ठेवला आहे. सवड झाली तर अभिप्राय द्यावा. आपल्याइतकं भांडणारं दुसरं कोणी नाही.' धूळपाटी म्हणजे आपलं कच्चं लिहायचं पान. तुम्ही कधी कोणाकडे अभिप्राय मागितला नव्हता. निदान मला तरी दिसलं नव्हतं. आणि मी काय केलं? म्हटलं, आता बसा वाट बघत. साधं 'बघते' एवढंही लिहिलं नाही.

मग त्या चार ओळी आल्या, सही नसलेल्या.

त्याच दुपारी मी तुमची धूळपाटी उघडली. 'रापणीतली कामे' असं वर लिहिलेलं होतं. खाली बावीस ओळी. समुद्राकडे पाहणारा माणूस उंचावर उभा राहतो आणि पाण्याचा रंग बदलला की हाक देतो. दोर ओढताना मागे मागे चालतात. जो शेवटाला पोचतो तो दोर सोडून पुन्हा पाण्याच्या कडेला जाऊन पहिला होतो. जाळं जवळ आलं की म्हाताऱ्यांना पुढे घेतात, कारण तिथे जोर कमी आणि नजर जास्त लागते. असं एकेक. पुस्तकात वाचून हे लिहिता येत नाही, हे मलासुद्धा कळलं. आणि प्रत्येक ओळीपुढे, बावीसच्या बावीस ओळींपुढे, तुम्ही स्वतःच्या हातानं शिक्का मारला होता: 'संदर्भ?' 'संदर्भ?' 'संदर्भ?'

शेवटची ओळ माझी होती. दोरीला हात लावणाऱ्याला वाटा मिळतो, ती. तिच्यापुढेही शिक्का, आणि त्यापुढे तुम्ही लिहिलं होतंत: 'हे बोंडूताईंना ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे. पण दोघांचं ठाऊक असणं मिळून एक संदर्भ होत नाही.'

त्याखाली विनंती: 'यातलं काय राहील ते सांगावं. मला कापवत नाही.'

मी हे किती वेळा वाचलं ते आठवत नाही. दुसऱ्यांचं एकोणचाळीस जागी कापणारा माणूस 'मला कापवत नाही' म्हणतो, आणि ते अशा बाईला म्हणतो जी रुसून बसली आहे. पुण्याचे प्राध्यापक, चष्मा, कपाटं, सगळं तिथेच गळून पडलं. तुमच्या मुलीला मी विचारलं, येऊ का? तिनं पत्ता दिला. तोंडवली.

तेरावा झाल्यावर आले. कणकवलीला गाडी बदलली, आचऱ्यावरून पुढे आले. माझ्या घरापासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर तुम्ही होतात, आणि मी तुम्हाला घाटापलीकडे नेऊन बसवलं होतं.

तुमची मुलगी सुलभा दारातच उभी होती. "तुमीच काय बोंडूताई? बाबा तुमचा नाव रोज घेयत. येवा, बसा, चाय ठेवतंय."

मी शाळेतल्या मराठीत विचारलं, "बाबा कुठे शिकवायचे?"

"शिकवूचे?" ती हसली, आणि डोळे पुसले. "बाबा रापणीर होते. चाळीस वर्सां दोरी ओढल्यानी."

ओहोटी! 'समुद्राला दोन काठ असतात हे मला नवीन आहे.' हे तुम्ही त्या वाळूवर बसून लिहिलं होतंत! माझ्या लेखातल्या प्रत्येक ओळीचं खरंखोटं तुमच्या तळहातावर घट्टे होऊन बसलेलं होतं. 'मी स्वतः रापणीवर आहे, मला सांगू नका,' एवढं एक वाक्य लिहिलं असतंत तर मी पहिल्याच दिवशी पाया पडले असते. तुम्ही ते एवढ्या काळात एकदाही लिहिलं नाहीत. मी तुम्हाला 'दोर न ओढलेले' असं म्हटलं, तीन पानं म्हटलं, तेव्हाही नाही.

मी सुलभाला विचारलं, का नाही सांगितलं त्यांनी? ती म्हणाली, तिनंही हेच विचारलं होतं. तुम्ही म्हणाला होतात, "माका म्हायत आसा ता माझ्याकडे. वाचतल्याक ता कशाक पटाचा?"

मग तिनं तुमच्या वह्या काढल्या. माझ्या लेखातल्या ज्या वाक्यांवर तुम्ही शिक्के मारलेत, त्या प्रत्येकाचं वहीत एक पान होतं. वर माझं वाक्य. खाली 'आबा म्हणतो बरोबर', 'आबा म्हणतो अर्धं बरोबर'. आणि त्याखाली पुस्तकांची नावं, पान क्रमांक, उतारे, सगळं हातानं लिहिलेलं. रापण नसेल त्या दिवशी तुम्ही सकाळच्या एसटीनं मालवणला जायचात, ग्रंथालयात बसायचात, दुपारी परत. माझ्या लेखात अकरा संदर्भ आपोआप उगवले होते. मला वाटलं होतं, कोणीतरी भला माणूस नाव न नोंदवता लावून गेला. तो भला माणूस तुम्हीच होतात. आधी शिक्का मारायचा आणि मग त्या शिक्क्यासाठी स्वतःच वणवण करायची, असं करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. शाळेत पंचवीस वर्षं झाली, मोठमोठे विद्वान व्यासपीठावर पाहिले. इतकं थक्क मला कोणी केलं नाही, हे तुम्ही असताना सांगायचं राहून गेलं.

"आणि ओहोटी हे नाव कशाला?" मी विचारलं.

"भरतीचा नाव सगळेच घेतत, म्हणान," सुलभा म्हणाली.

संध्याकाळी ती मला किनाऱ्यावर घेऊन गेली. जाळी ठेवायच्या मांगराच्या सावलीत आबा जाळं दुरुस्त करत बसले होते. वहीतले आबा हेच. "तुमचा लिवलेला बाबी आमका वाचून दाखवी," ते म्हणाले. तुम्ही बाबी, हे मला तिथे कळलं. "दोन काठ आयकल्यार आमी हासान हासान आडवे पडलो."

"बाकीचं बरोबर होतं ना?"

"बरोबर नाय तर काय! आमी सांगलव, बाबी, बाई बरोबर लिवता. तर तो म्हणायचो, कागद खंय आसा? अरे, आमी आसंव मा हय!" आबांनी जाळ्याची गाठ आवळली. "पण तो आयकणारो न्हय."

म्हणजे माझ्या बाजूनं भांडणारी माणसं तुमच्या शेजारीच बसत होती, आणि तुम्ही त्यांनाही दाद दिली नाहीत. मला हसू आलं आणि ऊर भरून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रापण लागली. मी वाळूवर उभी राहून पाहत होते. पिशवीत तुमच्या मसुद्याची छापलेली प्रत होती. वाटलं होतं, एकेक ओळ ताडून पाहावी. दोर ओढणाऱ्यांतून कोणीतरी ओरडलं, "अगो बाय, नुसती बगतंस कशाक? धर!" मी चपला काढल्या आणि धरला.

दोर ओला होता आणि हाताला काचत होता. मी उलटी चालायला लागले, मागे पाहून अडखळले, तर कोणी म्हणालं, "पाठी बगू नुको, चल." शेवटाला पोचले, सोडला, पळत पाण्याकडे गेले, पुन्हा धरला. तुमची दुसरी आणि तिसरी ओळ. जाळं जवळ आलं तशी आबांना पुढे बोलावलं. तुमची चौथी. मी धापा टाकत होते आणि मनातल्या मनात तुमच्या ओळींवर खुणा करत होते. बावीसपैकी अठरा मी त्या सकाळी डोळ्यांनी पाहिल्या. उरलेल्या चार दर्या आणि ऋतू बदलल्यावर दिसतील असं आबा म्हणाले. जाईन.

वाटे पडले. मी बाजूला झाले, हात धुवायला निघाले. मागून एका माणसानं हाक मारली. मी त्याला ओळखत नव्हते, त्यानं मला कधी पाहिलं नव्हतं.

"खंय चललास? तुमचो वाटो."

"अहो, मी पाहुणी आहे. तळेऱ्याची."

"दोरीक हात लावलास मा? मग झाला."

त्यानं ओंजळ पुढे केली. माझ्याकडे टोपी नव्हती. पिशवीतले तुमचे कागद काढून मी छातीशी धरले आणि पिशवी उघडली. पाच बांगडे आणि थोडी तारली. मी वाळूवर उभी राहून लहान पोरीसारखी रडले, आणि त्या माणसाला बिचाऱ्याला वाटलं, वाटा कमी पडला. त्यानं आणखी एक बांगडा टाकला.

तर आता अभिप्राय. उशीर झाला, माफ करा. मी रुसायला नको होतं. उघडून वाचलं असतं, तर आपण आणखी तीन पानं भांडलो असतो आणि कदाचित मी तुम्ही असताना तोंडवलीला आले असते. त्याला आता इलाज नाही.

मुद्दा पहिला: नियमानं पाहिलं तर बावीसपैकी एकही ओळ राहत नाही. तुम्ही मारलेले सगळे शिक्के बरोबर आहेत. कालच तुमच्या चर्चापानावर तसं लिहून आले, सही करून. मुद्दा दुसरा: म्हणून मी एकही कापलेली नाही. धूळपाटी आहे तशीच राहील. मुद्दा तिसरा: छापणारे कमी पडले असं तुम्ही म्हणाला होतात. म्हणून हा लेख मी ज्ञानकोशावर न लिहिता इथे लिहिते आहे, कागदावर. स्मृतिलेख हा संदर्भ म्हणून कच्चा, असं तुम्ही म्हणणार, ते मला ऐकू येतं आहे. कच्चा तर कच्चा. कागद तर आहे! आणि काळजी करू नका, तो संदर्भ मी माझ्या हातानं लावणार नाही. स्वतःलाच साक्षीला बोलावून एकदा झालं आहे. कोणा तिसऱ्याला वाटलं तर तो लावील, नाही तर राहील.

तोंडवलीच्या किनाऱ्यावर मी रापणीचा दोर ओढला. वाटा देणारा मला ओळखत नव्हता. मला वाटा मिळाला, तो मी घरी आणून रांधला आणि खाल्ला. ओहोटी, आता हे छापलेलं आहे.

— बोंडू